म्हशीला कळलं होतं का?

१९८९ साली दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले असतील. खटाव तालुक्यातल्या एका वस्तीवरून म्हशीसाठी बोलावणं आलं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रुजू होऊन मला तीन वर्षं झाली होती आणि औषधाच्या पेटीवर माझा फार विश्वास होता. म्हैस तिसऱ्या वेताची. रेडकू चौथ्या दिवशी हगवण लागून गेलेलं, आणि तेव्हापासून म्हशीनं पान्हा चोरलेला. घरातल्या आजींना पान्ह्याचं इंजेक्शन हवं होतं. पण मी सायकल लावून गोठ्यात शिरेपर्यंत त्यांच्या दिरांनी जुना उपाय करून ठेवला होता. मेलेल्या रेडकाचं कातडं मीठ चोळून वाळवलं होतं, आत सरमाड कोंबलं होतं, पायांच्या जागी चार काठ्या लावल्या होत्या आणि ते म्हशीच्या तोंडापुढं उभं केलं होतं.

म्हशीनं आधी लांबूनच फुसकारा टाकला. मग मान पुढं काढून कपाळ हुंगलं. मग चाटायला लागली. कपाळ, कानामागचा भाग, मान, पाठ. म्हशीची जीभ खरखरीत असते, कोरड्या कातड्यावर तिचा आवाज येत होता. पोटापाशी आल्यावर ती थांबली. कान पुढं आले, नाकपुड्या रुंदावल्या. दहा-बारा श्वास ती तशीच उभी राहिली. आजी खाली उकिडव्या बसून, गुडघ्यांत चरवी धरून, हलक्या हातानं सड ओढत होत्या. आम्ही तिघंही गप्प. मग जीभ पुन्हा फिरायला लागली आणि चरवीत धार वाजली.

"फसली गं बया माझी," आजी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"फसली न्हाई," दीर म्हणाले. "तिला समदं कळतंय. पर कुणाला तरी चाटायला पायजेच की."

मी नोंदवहीत लिहिलं : पान्हा आला, औषध दिलं नाही. नोंदवहीला रकाने असतात. मालकाचं नाव, गाव, जनावराची जात, वय, लक्षणं, उपचार. पोटापाशी जीभ थांबली तेव्हा त्या म्हशीच्या आत काय चाललं होतं, याला रकाना नव्हता. पुढं तीस वर्षं नोकरी केली, हजारो जनावरं हाताखालून गेली, पण तो न भरलेला रकाना माझ्या डोक्यातून गेला नाही. आणि जे थोडंफार वाचन मी केलं त्यात माझं सगळ्यात जास्त प्रेम बसलं ते हा रकाना भरायला धजावलेल्या लेखकांवर. जनावराच्या जागी उभं राहून सांगितलेल्या, मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांबद्दल मला आज लिहायचंय. त्या मराठीत फार थोड्या आहेत, असं मला वाटतं. ज्या भाषेच्या घराला गोठा चिकटून होता, त्या भाषेला हे शोभत नाही.

मागच्या वर्षी घर बदलताना मी काही पुस्तकं गावातल्या वाचनालयाला दिली. महिन्याभरानं गेलो तर टॉलस्टॉयची घोड्याची गोष्ट, व्हर्जिनिया वुल्फची कुत्र्याची कादंबरी आणि पेरुमाळ मुरुगनची 'पूनाची' बालविभागात, चिऊ-काऊच्या पुस्तकांशेजारी. तिथल्या मुलाचा दोष नाही. मुखपृष्ठावर जनावर दिसलं की पुस्तक पोरांचं, हे आपण सगळ्यांनीच त्याला शिकवलंय. दुसरी सवय याहून जुनी आहे. जनावर दिसलं की ते कोणत्या माणसाच्या जागी आलंय हे आपण शोधायला लागतो. पंचतंत्रातला कोल्हा म्हणजे धूर्त कारभारी, बैल म्हणजे भोळा मित्र. राजपुत्रांना नीती शिकवायला रचलेल्या त्या गोष्टी मला प्रिय आहेत. ऑर्वेलचं १९४५ चं 'ॲनिमल फार्म'ही मोठंच पुस्तक आहे. पण त्यातल्या डुकरांशी डुकराचा संबंध थोडा. डुकरीण विताना मातीत नाकानं खड्डा करते, गवत गोळा करते, तिचा श्वास बदलतो, हे त्या पुस्तकाला नको आहे, कारण त्याचं काम वेगळं आहे. मी बोलतोय ते जनावर जनावरच राहतं अशा लेखनाबद्दल.

ॲना स्यूएल या इंग्रज बाईंपासून सुरुवात करतो, कारण पोरांच्या कपाटात गेलेलं सगळ्यात मोठं पुस्तक त्यांचंच. 'ब्लॅक ब्यूटी' १८७७ साली आलं. चौदाव्या वर्षी पडून त्यांचे घोटे दुखावले, पुढं आयुष्यभर चालायला त्रास होत राहिला, कुठं जायचं तर घोडागाडी. म्हणजे ज्या जनावराच्या पायांवर त्या जगल्या, त्याच्याच तोंडून त्यांनी गोष्ट सांगितली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'मूळ घोड्याच्या भाषेतून अनुवाद' अशा अर्थाची ओळ आहे. पुस्तक लिहिलं ते घोडे राखणाऱ्या, हाकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. त्या काळी गाडीचे घोडे रुबाबदार दिसावेत म्हणून एक जादा वादी लावून त्यांची मान वर ताणून ठेवत. मान खाली घेता आली नाही तर चढाला घोडा अंगाचा भार पुढं टाकूच शकत नाही. श्वास अडतो, पाठ जाते. हे मालकाला गाडीत बसून दिसत नाही, घोड्याला दिसतं. पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच, १८७८ मध्ये, त्या गेल्या. अमेरिकेत जॉर्ज एंजेल यांनी १८९० पासून ते पुस्तक गाडीवाल्यांच्या, तबेल्यातल्या माणसांच्या हातात पोचवायची मोहीमच चालवली. तेच पुस्तक आज आपण दहा वर्षांच्या पोराला वाढदिवसाला देतो, जे पोर कधी लगाम हातात धरणार नाही.

पण माझ्यासारख्या माणसाला हलवून टाकणारी गोष्ट टॉलस्टॉयची, 'खोल्स्तोमर'. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना ती स्वस्त रशियन पुस्तकातून वाचली. टॉलस्टॉयनं १८६३ च्या सुमाराला ती लिहायला घेतली आणि ती छापून आली १८८६ साली. त्याच साली आमचं महाविद्यालय सुरू झालं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा दोघांनाही शंभर वर्षं झाली होती.

खोल्स्तोमर हा कबऱ्या रंगाचा, खच्ची केलेला म्हातारा घोडा. अंगावर खरूज, पाठीचा कणा वर आलेला. कळपातली तरणी घोडी त्याला छळतात, आणि मग रात्रीमागून रात्री तो त्यांना आपली कहाणी सांगतो. वळूपण काढून घेतल्यावर आपण विचार करायला लागलो, असं तो म्हणतो. मी माझ्या नोकरीत किती खोंड आणि बोकड खच्ची केले याची मोजदाद नाही. बर्डिझोचा चिमटा, दोन माणसं धरायला, नाडी सापडली की दांडे दाबायचे, आतून एक बारीक कट्ट असा आवाज येतो. ते काम करावंच लागतं. तापट खोंडाला औताला जुंपता येत नाही. पण त्या खोंडाचा उद्याचा दिवस कसा असतो, हे मला एका रशियन जमीनदारानं लिहिलेल्या गोष्टीतून पहिल्यांदा विचारावंसं वाटलं.

खोल्स्तोमरला माणसाचा एक शब्द कळत नाही. 'माझं'. माझी जमीन, माझी हवा, माझं पाणी, माझा घोडा. ज्यानं त्याला कधी दाणा घातला नाही तो म्हणतो हा माझा घोडा, आणि रोज खरारा करणारा मोतद्दार तसं म्हणू शकत नाही. व्हिक्टर श्क्लोव्हस्की या रशियन समीक्षकानं १९१७ साली याच गोष्टीचा दाखला देऊन मांडलं होतं, की रोजच्या सवयीनं दिसेनाशी झालेली वस्तू साहित्य पुन्हा अनोळखी करून दाखवतं. मला त्यातलं शास्त्र फारसं कळत नाही. पण आमच्याकडच्या बाजारात हे मी डोळ्यांनी बघितलंय. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरतो, हेडी मध्ये उभा. बैलाचा ओठ वर करून दात बघितलेले असतात, दोन दाती, चार दाती. सौदा झाला की कासरा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. ज्या गड्यानं पाच वर्षं वैरण टाकली तो जरा लांब उभा असतो. बैल त्याच्याकडं बघत असतो. या सगळ्यात कोण कुणाचं?

त्या गोष्टीचा शेवट मी एरवी कुणाला सांगत नाही, कारण सांगताना माझा आवाज बदलतो. घोड्याला खाटकाकडं नेतात. गळ्यापाशी काहीतरी होतंय हे त्याला जाणवतं, आणि त्याला वाटतं, आपल्यावर औषधोपचार चाललेत. करू देत, असं त्याच्या मनात येतं. मग अंगातून काहीतरी वाहायला लागतं आणि त्याला हलकं वाटतं.

जनावरांच्या डॉक्टरला याहून जड वाक्य दुसरं कुणी ऐकवलं नसेल. खोडा ओळखणारी, माझ्या पेटीचा वास ओळखणारी कितीतरी जनावरं मला आठवतात. काही माझ्या हातानं बरी झाली. काहींना मी शेवटचं इंजेक्शन दिलं. दोन्ही वेळा मान धरणारा हात माझाच होता, वासही तोच. टॉलस्टॉय घोड्याला माणसासारखं शहाणं करून 'मला मारताहेत' असं म्हणायला लावू शकला असता. तो घोड्याला जेवढं कळेल तेवढ्यावरच थांबला, म्हणून ते वाचताना आपण थांबू शकत नाही. या प्रकारचं लेखन चांगलं की वाईट हे ओळखायची माझी खूण हीच आहे. जनावराला जे माहीत असणं शक्य नाही, ते लेखकानं त्याच्या डोक्यात कोंबलं की मी पुस्तक मिटतो.

मराठीत हा संयम ज्यांच्याकडं होता ते व्यंकटेश माडगूळकर, आमच्याच माणदेशातले. 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्या, टोळीवर नव्या नराचा ताबा, मारली जाणारी पिल्लं. हे त्यांनी कल्पनेनं रंगवलेलं क्रौर्य नव्हे. सुगियामा या जपानी अभ्यासकानं साठच्या दशकात धारवाडजवळच्या वानरांत हेच पाहिलं होतं, सारा हर्डी यांनी पुढं अबूच्या डोंगरात त्याचा बारकाईनं अभ्यास केला. माडगूळकर तिथं 'मी' वापरत नाहीत. पण नजर वानरांच्या उंचीवर आहे, फांदीवर आहे. तरी आपण काय केलं? नाव 'सत्तांतर' म्हणताच लगेच मुंबई-दिल्लीचं राजकारण त्यात शोधलं. मी स्वतः एका व्याख्यानाला बसलो होतो, तासभर वक्ते पक्षांतरावर बोलले आणि वानराचं नाव आलं नाही. जिचं पिल्लू मेलंय अशी माकडीण ते दिवसेंदिवस छातीशी धरून हिंडते, सुकून कातडं होईपर्यंत. ते राजकारण नाही. ते वाचायचं तर आपल्याला खाली, झाडाखाली बसावं लागतं.

तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगनची 'पूनाची' मी निवृत्तीच्या सुमाराला इंग्रजीतून वाचली. त्याच्या आधीच्या एका कादंबरीवरून त्याला इतका त्रास झाला की जानेवारी २०१५ मध्ये त्यानं आपल्यातला लेखक मेला असं जाहीर केलं. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, आणि त्यानंतर आली ही काळ्या शेळीची गोष्ट. माणसांबद्दल लिहायची भीती वाटते, देवांबद्दल तर त्याहून, म्हणून शेळ्या निवडल्या, असं त्यानं प्रस्तावनेत सांगितलंय. त्यामुळं त्या शेळीत सगळ्यांना लेखक दिसला, सरकार दिसलं. ते आहेच. पण शेळीही आहे. कोरडवाहू गावातलं म्हातारा-म्हातारीचं घर, मुठीत मावेल एवढं काळं करडू, त्याची भूक. मोठी झाल्यावर एका वेताला सात पिल्लं. मी आयुष्यभर शेळ्यांची वेतं काढली, सात पिल्लं म्हणजे काय हे मला माहीत आहे. सड दोन आणि तोंडं सात. घरातल्यांना ते सोनं वाटतं. तिच्या अंगात काय उरतं, हे ती कादंबरी सांगते.

त्या गावात सरकारी माणसांकडून करडाचा कान टोचून नोंद करून घ्यावी लागते. लोक रांगेत उभे राहतात. ते वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं, कारण नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी स्वतः तेच करत होतो. पिवळा प्लास्टिकचा बिल्ला, बारा आकडी क्रमांक. लसीकरणाची नोंद राहते, साथ कुठं पसरतेय ते कळतं, मालकाला लाभ मिळतो. बिल्ला हवाच, आजही मी तेच म्हणेन. कानाच्या मधल्या भागात, दोन शिरांच्या मध्ये जागा बघायची, पकड लावायची, एकदाच जोरात दाबायची. कचकन आवाज होतो. गाय मान झटकते. आम्ही पुढच्या दावणीकडं वळतो. 'पूनाची' वाचेपर्यंत मी कधी मागं वळून बघितलं नव्हतं. नंतर एकदा मुद्दाम थांबलो. जवळजवळ तासभर ती कालवड कान हलवत होती, माशी बसल्यावर हलवतात तसा. ती माशी उडतच नव्हती.

इथं शिकलेले लोक एक आक्षेप घेतात आणि तो हलका नाही. थॉमस नेगल या तत्त्वज्ञानं १९७४ साली विचारलं होतं, वटवाघूळ असणं म्हणजे कसं असतं? त्याच्या आवाजाचं, कानाचं सगळं शास्त्र कळलं तरी आतून ते कसं वाटतं हे आपल्याला कळणार नाही. मग लेखकानं जनावराच्या तोंडी शब्द घालणं म्हणजे लबाडीच ना?

मी याला दवाखान्यातून उत्तर देतो. माझा रुग्ण कधीच बोलला नाही. मालक सांगतो तो आजार एक असतो, जनावर दाखवतं तो दुसरा. बैल दात खातोय, रवंथ बंद आहे, नाकपुडीवरचं दव वाळलंय, पोटाकडं मान वळवून बघतोय, उठबस करतोय. हे मी वाचतो आणि सांगतो, याच्या पोटात दुखतंय. मी बैल झालेलो नसतो. तरी बहुतेक वेळा मी चुकत नाही. शेळीवाली बाई तर माझ्याहून पुढं. ती चुलीपाशी बसून आवाजावरून सांगते, ही भुकेची ओरड, ही माजाची, आणि ही पिल्लू हरवल्याची. पूर्ण कळत नाही म्हणून अजिबात कळत नाही, असं म्हणून चालत नाही. आणि पूर्ण कळण्याचीच अट घालायची तर पुरुष लेखकानं बाईबद्दल आणि शहरातल्या लेखकानं ऊसतोडीबद्दल लिहायलाच नको.

जे कळत नाही तिथंच खरं तर लेखकाचं काम सुरू होतं. व्हर्जिनिया वुल्फनं १९३३ च्या 'फ्लश'मध्ये कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांच्या कुत्र्याचं चरित्र लिहिलं. फ्लोरेन्स शहर त्याला वासानं कळतं. ज्या शहराची चित्रं बघायला जग जातं ते शहर त्याच्या लेखी दगडावर तापलेल्या, सावलीत आंबलेल्या वासांचं. वुल्फबाईंना तो वास येत नव्हता. पण आपली भाषा वासाच्या बाबतीत किती गरीब आहे हे त्यांनी कबूल केलं आणि तरी रेटून लिहिलं. जपानचा सोसेकी १९०५ मध्ये उलटं करतो. त्याचं मांजर चांगलं बोलघेवडं आहे, मास्तरांच्या घरात बसून विद्वानांचे वाद ऐकतं. त्याला शेवटपर्यंत नाव मिळत नाही. तिथं मांजरपण जरा कमी आहे, म्हणून माझा जीव त्यात कमी रमतो. पण त्या मांजराच्या शेवटाला मला रडू आलं.

आता मराठीबद्दल. वासाच्या बाबतीत माहीत नाही, पण गोठ्याच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. गाय फळते, उलटते, गाभण राहते, वार अडकते, पान्हा फुटतो. 'पान्हा चोरला' म्हणतो तेव्हा आपण म्हशीला मन आहे, हेतू आहे, असं धरूनच बोलतो. शिवाय मराठीत एक गोष्ट आहे जी इंग्रजीतल्या लेखकाला मिळणार नाही. आपल्याकडं 'मी' म्हटलं की पुढचं क्रियापद बहुतेक वेळा लिंग सांगून टाकतं. आणि आपली पिल्लं सगळी नपुंसकलिंगी. करडू ते, रेडकू ते, वासरू ते, शिंगरू ते. मग करडू बोलायला लागलं तर कसं बोलेल? 'मी आलं. मी प्यालं. मी दूर गेलं आणि आईनं हाक मारली.' आणि एके दिवशी पहिला माज येईल, त्या सकाळी तेच करडू म्हणेल, 'मी उठले.' मध्ये एक शब्दही न सांगता वाचणाऱ्याला कळेल काय झालं ते. आणि खच्ची केलेला बैल? तो 'मी गेलो'च म्हणत राहील. हा ऐवज आपल्या व्याकरणात पडून आहे. कुणीतरी तरुण लेखकानं किंवा लेखिकेनं तो उचलावा म्हणून मी हे इथं लिहितोय.

विषय तर अंगणात आहेत. ऊसतोडीवर मराठीत चांगलं लेखन झालं, आणि ते माणसांबद्दल आहे हे योग्यच. पण गळिताच्या हंगामात रात्री दोन वाजता साखर कारखान्याच्या गाडीतळावर उभं राहा. ओळीनं लागलेल्या गाड्या, सोडलेले बैल, वाढ्यांचा ओला वास, मळीचा उग्र वास, धुरांड्याचा आवाज, दिव्यांचा लख्ख उजेड. जनावराला झोप लागावी असं तिथं काहीच नाही. मी तिथं खांदेसूज बघत फिरलोय. जोडीतला एक बैल उंच, एक बुटका असला की जू तिरकं बसतं, एकाच खांद्यावर घासत राहतं, आधी केस जातात, मग कातडी जाड होते, मग आत पाणी धरतं. मुठीएवढी गाठ. हात लावला की खांद्याची कातडी लांबपर्यंत थरथरते. तो बैल पहाटे पुन्हा त्याच जुवाखाली मान घालतो. हाक मारली की स्वतः चालत येऊन मान घालतो. का घालतो? हे मला कुणीतरी त्याच्या बाजूनं सांगायला हवंय.

शर्यतीचंच घ्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यती पुन्हा सुरू झाल्या, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. या नऊ वर्षांत मी दोन्ही बाजूंची भाषणं ऐकली. एक बाजू म्हणते, बैलाला पळायला आवडतं, तो मैदान बघून फुरफुरतो. दुसरी म्हणते, तो भीतीनं पळतो. मैदानावर डॉक्टर म्हणून मी उभा राहिलोय. दोन्ही खरं आहे. खिल्लार खोंडाच्या अंगात वारं शिरतं ते मी बघितलंय, आणि त्याच खोंडाच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो तेही बघितलंय, एकाच मिनिटात. प्रतिज्ञापत्रात यातलं एकच लिहावं लागतं. गोष्टीत दोन्ही एका अंगात राहू शकतात.

बेंदराच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी असते. बैलांचे खांदे ऊन पाण्यानं धुवायचे, लोणी-हळद चोळायची, आणि कानाशी वाकून म्हणायचं, आज आवतण, उद्या जेवायला या. माझे वडील हे अगदी मनापासून म्हणत. पाहुण्याला बोलवावं तसं, टोपी सारखी करून. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, बैल काय म्हणाला? ते हसले नाहीत. म्हणाले, "आपण थांबत न्हाई ना ऐकायला. लगेच दुसऱ्याकडं वळतो."

निवृत्तीनंतर मी रात्री थोडं लिहायला बसतो. लेखक नाही मी, नोंदवह्या भरल्यात. पण खटावातली ती म्हैस लिहून बघावी असं ठरवलं, तिच्या बाजूनं, 'मी' म्हणून. आजी म्हणाल्या होत्या फसली, दीर म्हणाले होते तिला समदं कळतंय. दोन्ही लिहून बघितलं. फसलेली म्हैस लिहिली तर पोटापाशी थांबलेली जीभ खोटी ठरत होती. सगळं कळलेली लिहिली तर ती आपल्यासारखी बोलायला लागली, शोक करायला लागली, आणि मी ते पान फाडलं. बरेच दिवस तसेच गेले. मग मी आमच्या शेजाऱ्यांच्या गोठ्यात जाऊन बसायला लागलो. त्यांची म्हैस नुकतीच व्यालीय. रेडकू जिवंत आहे. ती त्याला चाटते ते मी जवळून बघितलं. कपाळ, कानामागं, मान, पाठ, तोच क्रम. पोटापाशी आल्यावर तिथं रेडकाचं पोट श्वासानं वर-खाली होत होतं, आणि तिची जीभ त्या हालचालीबरोबर चालत होती.

घरी येऊन मी चार वाक्यं लिहिली. गेल्या दोन महिन्यांत तेवढीच टिकलीत. वास त्याचाच आहे. ऊब नाही. खाली कुणीतरी सड ओढतंय. मी पुन्हा कपाळापासून चाटायला घेते.